उलटी प्रदक्षिणा

पावसाबद्दल बोलायचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारलंच तर माझ्याकडे दोन पुरावे आहेत. एक म्हणजे बँकेतल्या ३३ वर्षांच्या नोकरीत ठिकठिकाणी विसरलेल्या १८ छत्र्या. दुसरा म्हणजे डाव्या गुडघ्यावरचा व्रण. तो २१ मे २०२५च्या पहाटे, गोठ्याच्या उंबऱ्याला अडखळून झाला. पहिल्या प्रकाराला आमच्या घरी वेंधळेपणा म्हणतात. दुसरा अभ्यासातून झालेला आहे.

निवृत्तीनंतर माणसं काहीतरी धरतात. आमच्या सोसायटीत एकानं बासरी धरली, एकानं गुडघे धरले. मी वातावरण धरलं. त्याचं असं झालं, की एका मे महिन्यात पेपर वाचताना ‘मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन’ हे शब्द समोर आले. बाकीचे वाचक ते शब्द ओलांडून पुढे शेअर बाजाराकडे गेले असणार. मी थांबलो. सकाळच्या कट्ट्यावर ‘यंदा पाऊस कधी?’ असं कुणी म्हटलं, की पाच-सहा उत्तरं एकदम यायची, त्यात माझं उत्तर कुणाला ऐकूही जायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणालो, ‘ते मॅडन-ज्युलियन कुठे आहे त्यावर अवलंबून आहे.’ कट्ट्यावर पूर्ण शांतता पसरली. बासरीवाल्यानंसुद्धा बासरी खाली ठेवली. ३३ वर्षांत शाखेत मला जी शांतता मिळाली नाही ती दोन परकी आडनावं उच्चारून मिळाली म्हटल्यावर त्यांना सोडणं शक्यच नव्हतं.

मग मी वाचायला लागलो. १९७१ साली अमेरिकेतल्या रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या दोघांनी पॅसिफिकमधल्या कँटन नावाच्या चिमुकल्या बेटावरच्या वाऱ्याच्या नोंदी चाळल्या. जवळजवळ दहा वर्षांच्या, रोजच्या. आणि त्यांच्या लक्षात आलं, की तिथला वारा साधारण ४०-५० दिवसांनी एकदा उलटसुलट होतो, जणू आतमध्ये कुणी सावकाश श्वास घेतंय. पुढे कळलं, की हा श्वास एका बेटापुरता नाही. विषुववृत्ताच्या आसपास हजारो किलोमीटर रुंदीचा ढगांचा एक जथा हिंदी महासागरावर उभा राहतो आणि पूर्वेकडे चालू लागतो. त्याच्या पुढेमागे कोरड्या, निरभ्र हवेचा तितकाच मोठा पट्टा असतो. पृथ्वीला एक फेरी घालायला त्याला ३० ते ६० दिवस लागतात. ढग विरले की तो भरभर जातो, पण ढग घेऊन चालताना वेग सेकंदाला पाचेक मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. घाटात मालट्रकच्या मागे अडकलेल्या एसटीचा.

कट्ट्याला मी हे पालखीच्या भाषेत समजावलं, आणि ते उदाहरण अजूनही मला माझं सर्वोत्तम बौद्धिक काम वाटतं. पालखी येते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. टाळमृदंग, पाण्याच्या टाक्या, केळीवाले. पालखी गेली, की त्याच रस्त्यावर दुसऱ्या दिवशी फक्त द्रोण आणि साली. ही लाट तशी आहे. ती आपल्या दक्षिणेच्या समुद्रावर मुक्कामाला असली, की ढगांना, वाऱ्यांना, वादळांना सगळ्यांनाच हुरूप येतो. ती पुढे इंडोनेशिया, पॅसिफिककडे निघून गेली, की आपल्याकडे साली.

आता ही लाट म्हणजे मान्सून नव्हे, हेही मी सांगायचो. (जे नंतर मला कुणीतरी सांगायला हवं होतं.) मान्सूनचा मूळ कारभार वेगळाच आहे. उपखंडाची जमीन तापते, दक्षिणेला मादागास्करच्या पलीकडे मस्कारीन बेटांपाशी हवेचा दाब वाढतो, तिथून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्याला घासून उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्राचं पाणी पीत पीत थेट आमच्या सह्याद्रीवर येऊन आदळतो. हे दरवर्षी होतंच. कधी होतं, एवढाच प्रश्न असतो, आणि तिथे ही लाट कामाला येते. मेच्या अखेरीला तिचा ओला भाग हिंदी महासागरावर असेल तर वाऱ्यांना मागून धक्का मिळतो. कोरडा भाग असेल तर मान्सून अंदमानपर्यंत येऊन नुसता आळस देत बसतो.

हवामान खात्याचे निकष वाचल्यावर तर मला आपल्याच माणसांत आल्यासारखं वाटलं. केरळात नुसता पाऊस पडून भागत नाही. १० मेनंतर, ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस व्हावा लागतो. शिवाय पश्चिमेचे वारे किती उंचीपर्यंत आहेत, किती वेगानं वाहतायत, ढग किती दाट आहेत, हे सगळं जुळावं लागतं. तेव्हा मान्सून आला असं जाहीर होतं. ही सरळसरळ केवायसी आहे. फोटो आहे पण पत्त्याचा पुरावा नाही, तर खातं उघडत नाही. मी आयुष्यभर हेच केलं होतं.

पण माझा खरा जीव जडला तो एका आकृतीवर. मॅथ्यू व्हीलर आणि हॅरी हेंडन या दोघांनी २००४ साली लाटेचा ठावठिकाणा दाखवायला ती मांडली. एक चौकोन, त्याचे आठ तुकडे, मध्ये एक छोटं वर्तुळ. लाट रोज कुठे आहे त्याचा एक ठिपका, आणि ठिपके जोडून झालेली रेघ. रेघ मधल्या वर्तुळात शिरली म्हणजे लाट अशक्त झाली. वर्तुळाबाहेर मोठा वळसा घेऊन निघाली म्हणजे जोरात आहे. पाहताना कुणीतरी हात थरथरत असताना जिलबी पाडली असावी असं वाटतं. मी रोज सकाळी फोनवर ती जिलबी उघडायचो. बायको म्हणायची, ‘पाहून झाली असेल तर दूध आणा.’

या आकृतीच्या चारी कडांना काही शब्द लिहिलेले असतात. बारीक अक्षरात. बँकेत मी लोकांना ३३ वर्षं सांगत आलो, की सही करण्यापूर्वी बारीक अक्षरातलं वाचा.

२०२३ साली माझं नशीब उघडलं. सोसायटीच्या इमारतीला बाहेरून रंग लावायचं काम अर्ध्यावर होतं. रंगवाला म्हणत होता, पाऊस तोंडावर आलाय, परांची काढतो, उरलेलं दिवाळीनंतर. मी जिलबी पाहिली, बोट फिरवलं आणि सभेत उभा राहून सांगितलं, ‘२० जूनच्या आत पुण्यात दमदार पाऊस नाही. परांची काढू नका.’ मान्सून केरळात ८ जूनला आला, ११ जूनला दक्षिण कोकणात टेकला आणि तिथेच बसून राहिला. वारकरी जवळजवळ कोरड्या रस्त्यानं चालले. मुंबईला पाऊस पोचला २५ जूनला, आणि त्याच दिवशी दिल्लीलाही. एकाच दिवशी दोन्हीकडे, असं याआधी २१ जून १९६१ला झालं होतं. आमची इमारत तोवर पिस्ता रंगात न्हाऊन, वाळून, परांची उतरवून उभी होती.

गणेशोत्सवात मला शाल आणि श्रीफळ मिळालं. लिफ्टमध्ये लहान मुलं मला ‘वेधशाळा काका’ म्हणू लागली. लग्नाच्या तारखा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पापड, सगळं माझ्याकडे विचारायला येऊ लागलं.

तसं पुण्यात राहून हे वेड लागणं साहजिकच आहे. आपल्या हवामान खात्याची पाळंमुळं १८७५ची. १९२८ साली त्याचं कार्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, आणि अजूनही शिवाजीनगरला रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की तो विचारतच नाही, थेट नेतो. त्या खात्याचे एकेकाळचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. त्यांनी जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि पॅसिफिकमधला हवेच्या दाबाचा झोपाळा शोधून काढला. आज आपण एल निनोबद्दल जे बोलतो त्याचा निम्मा पाया तोच. या वॉकरसाहेबांना बूमरँगचा भारी नाद होता, इतका की लोक त्यांना ‘बूमरँग वॉकर’ म्हणत. फेकलेली वस्तू फिरून फेकणाऱ्याच्या टाळक्याकडे कशी येते, याचं गणित त्यांना येत होतं. मला ते पुढच्या दोन वर्षांत प्रात्यक्षिकातून शिकायला मिळालं.

२०२४ साली मी अंदाज दिला नाही, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यामुळे माझी अचूकता १०० टक्के राहिली.

आता गावाकडे येऊ. देवरुख आणि संगमेश्वरच्या मध्ये आमचं जुनं घर आहे. काकू तिथे राहते. वय ८२. कान तिखट, जीभ त्याहून. काकूकडे हवामानाचं एकच यंत्र आहे, भिंतीवरचं कालनिर्णय. त्यावर ती गाय कधी व्याली, गॅस कधी आला, हापूसची आढी कधी लावली आणि पाऊस कधी आला हे शिसपेन्सिलीनं लिहिते. डिसेंबर संपला की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर.

दरवर्षी अक्षय्य तृतीया झाली की तात्या येतात आणि घर शाकारतात. कौलं चाळायची, फुटकी काढायची, नवी बसवायची, रिपा तपासायच्या, कोने चुन्यात बसवायचे. माझ्या जन्माआधीपासून हा क्रम आहे. २०२५ साली मी फोन करून सांगितलं, ‘थांबा. मी स्वतः येतोय. यंदा नुसती शाकारणी नाही करायची.’ माझी योजना अशी होती. सगळी कौलं उतरवायची. वाशांना वाळवीचं औषध मारायचं. मग आठ दिवस लाकूड उन्हात नुसतं उघडं ठेवायचं, म्हणजे औषध आत मुरतं. आणि १ जूनला कौलं पुन्हा वर. मुंबईची सरासरी तारीख ११ जून, आपल्याकडे त्याच्या दोन-चार दिवस आधी. म्हणजे हातात आठवडा शिल्लक.

‘भाऊ,’ तात्या म्हणाले, ‘आवंदा पावस लवकर हाय म्हणतात.’

‘कोण म्हणतं?’

‘टीव्हीवर सांगत होते.’

टीव्हीवर खरंच सांगत होते. हवामान खात्यानं १० मेलाच जाहीर केलं होतं, की मान्सून केरळात २७ मेला येईल, चार दिवस इकडे किंवा तिकडे. १३ मेला तो निकोबारमध्ये पोचलाही. पण मी जिलबी पाहिली होती. मेच्या मध्याला रेघ आकृतीच्या तळाच्या बाजूला होती, चांगली वर्तुळाबाहेर, आणि तिची पुढची चाल मी बोटानं गिरवून पाहिली. तळाकडून डावीकडे. डावीकडे आफ्रिका. म्हणजे लाट आपल्याकडे पाठ करून आफ्रिकेला निघाली होती. मी तात्यांना म्हणालो, ‘वेधशाळेनं बाकी सगळं पाहिलंय हो, पण लाटेचा विचार केलेला दिसत नाही.’

हे वाक्य मी उच्चारलं. साक्षीदार आहेत.

१८ मेला कौलं उतरली. मोजून ३,५०० मंगलोरी कौलं अंगणात रांगेनं उभी राहिली, प्रार्थनेला उभ्या असलेल्या शाळेसारखी. मी वाशांना औषध मारलं. रात्री माजघरात अंथरुणावर पडून वर पाहिलं तर वाशांच्या मधून चांदण्या दिसत होत्या. काकूच्या नातवाला, सातवीतल्या, मुंबईहून सुट्टीला आलेल्या पोराला, मी सप्तर्षी दाखवले. काकू कुशीवर वळून म्हणाली, ‘मुंग्या अंडी घेऊन देवघराच्या भिंतीवर चढतायत दोन दिवस.’

मी म्हणालो, ‘काकू, मुंग्यांकडे उपग्रह नसतो.’

‘त्यांच्या घराला छप्पर असतं,’ काकू म्हणाली.

२० तारखेला दुपारपासून समुद्राकडची हवा जड झाली. संध्याकाळी पश्चिमेला आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं. तात्या अंगणात येऊन एकदा आभाळाकडे, एकदा कौलांकडे आणि मग माझ्याकडे पाहत उभे राहिले. ‘वळीव आहे,’ मी म्हणालो. ‘स्थानिक. अर्धा तास पडेल.’ त्यांनी न बोलता घरून आपली ताडपत्री आणून ओट्यावर ठेवली आणि गेले.

रात्री दीड वाजता पहिला थेंब माझ्या कपाळाच्या बरोबर मध्यभागी पडला. दुसरा तोंडात. त्यानंतर मोजायला अवधी मिळाला नाही. छप्पर नसलेल्या घरात पाऊस कसा येतो हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. आपण घरात पाऊस ऐकतो तो कौलांचा आवाज असतो. कौलं नसली की आवाजच नाही. अंधारात सगळं एकाएकी ओलं होतं, बस.

काकू उठली, बॅटरी लावली, झोत वर मारला, वाशांमधून सरळ खाली येणाऱ्या धारा नीट पाहून घेतल्या आणि म्हणाली, ‘बाळ, तुझी लाट आली वाटतं.’

पुढचा पाऊण तास तिनं एखाद्या सेनापतीसारखं घर हलवलं. तांदळाचा डबा पलंगाखाली, पलंगावर गाद्या, गाद्यांवर मेणकापड. आंब्याची आढी माळ्यावर होती. पेंढा भिजला तर आंबा सडणार, म्हणून तीस डझन हापूस आम्ही घमेल्यांनी ओटीवरच्या एकुलत्या एक कोरड्या कोपऱ्यात आणले. देव मात्र तिनं स्वतः हलवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, शंख, सगळे पुसून पाच लिटरच्या कुकरमध्ये ठेवले आणि गॅस्केट नीट बसवून झाकण लावलं. ‘यात पाणी जायचं नाही,’ ती म्हणाली. शिट्टी तेवढी काढून ठेवली, देवांना श्वास हवा म्हणून.

मी तात्यांची ताडपत्री वाशांवर टाकायचा प्रयत्न केला. ती बसलीही. मग तिच्या मधोमध पाणी साठू लागलं, पोट सुटावं तसं. मी ते पोट खालून काठीनं वर ढकललं, म्हणजे पाणी कडेनं ओघळून जाईल. पाणी ओघळलं. ज्या कडेनं ओघळलं तिथे मी उभा होतो.

शेवटी आम्ही गोठ्यात गेलो. गोठ्यावर पाच वर्षांपूर्वी पत्रे घातले होते, अजून शाबूत. जाताना उंबरा दिसला नाही. त्याचा पुरावा सुरुवातीला दिलाच आहे. गोठ्यात दोन गाई. भाडं न देता राहायला आलेल्या नातेवाइकांकडे घरमालक पाहतो तसं त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा दिली. काकू पेंढ्याच्या भाऱ्यावर बसली, मांडीवर कुकर. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की बोलायचं तर ओरडूनच.

मी ओरडून काकूला समजावत होतो, की हा पाऊस तांत्रिकदृष्ट्या मान्सून नाही. अजून केरळात जाहीर झालेला नाही. केवायसी व्हायची आहे. काकूनं कुकर दुसऱ्या मांडीवर घेतला. पोरगा माझ्या शेजारी बसला होता. मी त्याला फोनवर जिलबी दाखवली, बॅटरी १२ टक्के. ‘हे बघ, लाट इथे तळाशी आहे, आता ही अशी डावीकडे जाणार, आफ्रिकेला.’

पोरानं फोन हातात घेतला, दोन बोटांनी आकृती मोठी केली आणि कडेचं बारीक अक्षर वाचलं. मग म्हणाला, ‘काका, खाली हिंदी महासागर लिहिलंय. उजवीकडे इंडोनेशियाचा भाग. वर पॅसिफिक. डावीकडे आफ्रिका.’

‘तेच तर म्हणतोय मी. आफ्रिका.’

‘पण लाट पूर्वेला जाते ना? तुम्हीच सांगितलंत. हिंदी महासागराच्या पूर्वेला इंडोनेशिया येतं.’ त्यानं बोट तळाकडून उजवीकडे, तिथून वर असं फिरवलं. ‘म्हणजे ही घड्याळाच्या उलट फिरते.’

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. एका गाईनं रवंथ थांबवला.

मला लहानपणी आजीनं शिकवलं होतं, प्रदक्षिणा घालायची ती देव उजव्या हाताला ठेवून, घड्याळाच्या काट्यासारखी. उलटी घातली की पाप लागतं. त्यामुळे गोल दिसला की माझं बोट आपोआप त्याच दिशेनं फिरतं. गेली काही वर्षं मी जागतिक हवामानाला आजीच्या हिशेबानं प्रदक्षिणा घालायला लावत होतो. पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते की पंढरपूरहून आळंदीला, हे न पाहताच मी लोकांना गर्दीच्या वेळा सांगत होतो.

लाट कुठेही निघून गेलेली नव्हती. ती आपल्या समुद्रावरून, आपल्याच बाजूनं, जोरात जात होती.

आणि मग, त्या ओल्या पेंढ्यावर बसून, मला २०२३ आठवलं. त्या वर्षीही बोट उलटंच फिरलं असणार. मग अंदाज बरोबर कसा आला? उत्तर सोपं होतं आणि फार लागलं. लाट समुद्रावर अनुकूल असली, की नुसता मान्सूनच नाही, वादळंही तरारतात. त्या जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय उठलं, किनाऱ्यावर यायचं ते बाष्प स्वतःकडे ओढत आठवडाभर समुद्रातच घुटमळलं आणि शेवटी गुजरातला जाऊन धडकलं. इकडे मान्सून त्यामुळे रखडला. मी गणित उलटं मांडलं होतं आणि वादळानं ते परत उलटं करून उत्तर बरोबर आणलं होतं. आमच्या इमारतीचा पिस्ता रंग, ती शाल, ते श्रीफळ, सगळं बिपरजॉयचं होतं. शाल त्या रात्री काकूच्या खांद्यावर होती. मी ती काढून मागितली नाही.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. अरबी समुद्रात किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला. शनिवारी, २४ मेला, दुपारच्या सुमारास तो रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान जमिनीवर आला. म्हणजे लाट मागून, आणि कमी दाब सरळ दारातून. त्याच दिवशी मान्सून केरळात जाहीर झाला, २००९नंतर इतक्या लवकर प्रथमच. २५ला देवगडला पोचला, २६ला मुंबई आणि पुणे. मुंबईचा आधीचा विक्रम २९ मे १९५६चा होता, तो मोडला. म्हणजे गेल्या सत्तरेक वर्षांतला मुंबईचा सर्वांत लवकरचा पाऊस यावा, आणि नेमकं त्याच वर्षी, त्याच आठवड्यात, संगमेश्वर परिसरातल्या बहुधा एकाच घराचं छप्पर शास्त्रीय कारणासाठी उघडं असावं, हा योग.

तात्या आणि त्यांची दोन माणसं सरींच्या मधल्या उघडिपीत कौलं चढवत होती. शेवाळ धरायला लागलेल्या वाशांवर अनवाणी. मी खालून एकेक कौल देत होतो. ते काही बोलत नव्हते. एकदाच, वर बसून विडी पेटवताना, म्हणाले, ‘भाऊ, औषध चांगलं मुरलं असंल.’

३० मेला संध्याकाळी शेवटचा कोना बसला. ३१ मेला पाऊस थांबला.

हा विनोद मी रचलेला नाही. मान्सून मेच्या शेवटी मुंबई, अहिल्यानगरच्या आसपास येऊन थबकला आणि साधारण जूनच्या मध्यापर्यंत पुढे हललाच नाही. पालखी गेली होती. मागून जोर लावणारं कुणी राहिलं नाही, वरून कोरडे वारे येऊ लागले, आणि इतक्या घाईनं आलेला मान्सून दारात चपला काढून नुसता बसला. केरळात किंवा मुंबईत पाऊस किती लवकर आला यावरून पुढचा हंगाम कसा जाईल हे सांगता येत नाही, असं शास्त्रज्ञ कंठशोष करून सांगतात. ते मी वाचलंही होतं. मधलं थोडंसं वाचलं की माणूस किती ओला होऊ शकतो, याचा अंदाज मात्र कुणी देत नाही.

पण हे कळायच्या आधी, २७ मेला, मी आणखी एक फोन केला होता. परभणीकडे मेहुण्याची कोरडवाहू जमीन आहे. तिकडेही मेमध्ये भरपूर पाऊस झालेला. मी यावेळी आकृती उजवीकडून पाहिली होती, बोट बरोबर दिशेला फिरवलं होतं आणि आत्मविश्वास परत आला होता. म्हटलं, ‘मान्सून अधिकृतपणे आलाय. वेळ घालवू नकोस. सोयाबीन पेरून टाक.’

तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, रेंज गेली.

मग तो म्हणाला, ‘दाजी, एक विचारू? तुमच्या घराला सध्या छप्पर हाय का?’

गोठ्यातला, कुकर मांडीवर घेतलेल्या काकूचा फोटो पोरानं सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. मेहुण्यानं वाफसा येऊ दिला, पेरणीजोगा पाऊस परत होईपर्यंत वाट पाहिली आणि जून उलटता उलटता पेरलं. माझं ऐकलं असतं तर दुबार पेरणी ठरलेली होती. बियाण्याच्या पिशवीचा भाव सांगून त्यानं मला हे दोनदा समजावलं.

पुण्यात परतलो तेव्हा कट्ट्यानं माझी जागा ठेवली होती. बासरीवाल्यानं विचारलं, ‘काय वेधशाळा, लाट कुठे आहे?’ मी म्हणालो, चहा सांगा. अजूनही रोज सकाळी जिलबी उघडतो. बोट लावत नाही. रेघ हिंदी महासागरात आली, की ‘पंधरवड्यात कधीतरी शक्यता बरी आहे’ एवढंच पुटपुटतो, आणि तेही बायकोनं वाळवण गच्चीवर टाकायच्या आधी. ती ऐकून घेते आणि वाळवण टाकते.

पुढच्या वर्षी शिमग्याची पालखी घरी येऊन गेली, त्याच आठवड्यात तात्या शाकारणी उरकून गेले. मला कुणी कळवलं नाही. मी गेलो तेव्हा नवा कोना पाहून समजलं.

त्या वेळी माळा आवरताना काकूची कॅलेंडरं हाताला लागली. जूनची पानं उलटत गेलो. प्रत्येक वर्षी कुठल्या तरी चौकटीत तिचं तेच गोल अक्षर: ‘पाऊस आला.’ कधी ५ तारखेला, कधी ९ला. २०२३ला ११ जून: ‘पाऊस आला.’ २०२५चं कॅलेंडर सर्वांत वर होतं, कडा पाण्यानं फुगलेल्या. जूनच्या पानावर काहीच नव्हतं. एक पान मागे आलो. २१ मेच्या चौकटीत, ‘दूध – सव्वा लिटर’ याच्या खाली, लिहिलं होतं: ‘पाऊस आत आला.’